चरित्रनायक आणि चित्रपट
तियानजिनचे युद्धविद्याविशारद हुओ युआनजिया यांच्यावरील ‘फियरलेस’ (२००६) या चित्रपटांत नायकाची आई व एकुलती एक कन्या यांची हत्या होते आणि त्या शोकांतून त्यास आत्मबोध होतो. प्रसंग हृदयद्रावक खरा. जेट ली यांचा अभिनयही संयत. परंतु १९१० सालीं निवर्तलेल्या या पुरुषामागें पुत्र होते, कन्या होत्या. पुढें एका नातवानें चित्रपटाविरुद्ध न्यायालयांत दादही मागितली. चरित्रांतील रिकाम्या जागा कल्पनेनें भरण्याचा कलावंताचा अधिकार आम्हांस मान्य आहे. नांदतें घर निर्वंश दाखवून जागा रिकामी करण्याचा नव्हे. नायकास कल्पित नांव देणें अशक्य नव्हतें. खऱ्या नांवाचें तेज हवें, तर त्या नांवाचें ऋणही मानलें पाहिजे.