पळवलेली पोरगी, पळालेली पोरगी

‘गंमत जंमत’ मी पहिल्यांदा पाहिला तो भुईगावात, भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर. पोरांनी वर्गणी काढलेली. एका रात्रीत तीन सिनेमे उरकायचे आणि सकाळी कॅसेट परत द्यायच्या. अशोक सराफ आला की म्हाताऱ्यासुद्धा तोंडाला पदर लावून हसायच्या. मीही हसलो. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर कुणीतरी म्हणेल, या चळवळवाल्यांना विनोद कळत नाही.

सिनेमा १९८७चा, दिग्दर्शक सचिन. फाल्गुन आणि गौतम हे दोन कडके दोस्त. अशोक सराफ फाल्गुन, सचिन गौतम. पैशासाठी ते काजल नावाच्या श्रीमंत घरच्या पोरीला पळवतात. काजल म्हणजे वर्षा उसगावकर. पळवापळवी म्हणायची, पण खरी भीती कुठेच नाही. सगळं सोंग. पोरगी पळवणाऱ्याच्याच प्रेमात पडते. मधे किशोरकुमारचं गाणं. ते आजही वरातीत वाजतं.

आता प्रश्न असा की आपण हसलो कशाला? कारण दोन गोष्टी आपल्याला आधीच ठाऊक असतात. पोरीच्या केसालाही धक्का लागणार नाही, ही एक. आणि पोरं पकडली गेली तरी त्यांची हाडं मोडणार नाहीत, ही दुसरी. एवढी हमी असली की गुन्ह्याचीसुद्धा गंमत होते. पण मित्रांनो, ही हमी कुणाला मिळते?

नायकाचं नाव गौतम. आमच्या वस्तीत तेव्हा ‘गौतम’ अशी हाक मारली तर तिघं वळून बघायचे. पण पडद्यावरच्या गौतमच्या जातीशी कथेला काही देणंघेणं नाही. तो गरीब आहे, बेकार आहे, एवढं पुरतं. मराठी विनोदी सिनेमाने त्या काळात बेकारी पाहिली, खोली मिळत नाही हे पाहिलं, घरमालकाची कटकट पाहिली. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) तर खोलीच्या अडचणीवरच उभा आहे. खोली नाकारताना आडनाव विचारतात, हे मात्र त्याला दिसलं नाही. सचिनने वाईट हेतूने असं केलं, असा माझा आरोप नाही. पांढरपेशा डोळ्याला जेवढं दिसतं तेवढंच त्याच्या कॅमेऱ्याला दिसलं.

त्या रात्री माझ्या शेजारी आमच्या नात्यातला एक पोरगा बसला होता. सगळ्यात मोठ्याने तोच हसत होता. पुढे काही वर्षांनी त्याच्यावर कागद झाला – ‘फूस लावून पळवून नेले.’ पळवलं कुणी कुणाला? पोरगी आपल्या पायाने आली होती. पिशवीत दोन साड्या आणि शाळेचा दाखला घेऊन आली होती. वरच्या जातीची होती, एवढाच गुन्हा. तिच्या घरच्यांनी दुसराच दाखला आणला आणि त्यावर तिचं वय सतरा. ठाण्यात ती ओरडून सांगत होती, मी माझ्या मनाने आले. कुणी लिहून घेतलं नाही. कोर्टात तिने तेच सांगितलं तेव्हा तो सुटला. पण तोवर दोन महिने आत काढले होते, कंपनीतली नोकरी गेली होती आणि पोरीला मामाच्या गावी पोचवलं होतं.

सिनेमात अपहरण खोटं आणि प्रेम खरं. इथेही प्रेम खरंच होतं. पण खोटं अपहरण कुणी रचलं? पोरांनी नव्हे. ते तक्रारीच्या कागदावर रचलं गेलं. पडद्यावर जी चूक हसण्यावारी नेली, तीच न केलेली चूक आमच्या पोराच्या गळ्यात बांधली.

भारतीय दंड संहितेत या कामाला कलम ३६६ होतं. लग्नासाठी बाईला पळवणं, शिक्षा दहा वर्षांपर्यंत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि त्याचं कलम ८७ झालं. आकडा बदलला, वापर तोच राहिला. पोरगी अठराच्या आत ठरली की तिच्या ‘हो’ला कायद्यात किंमत उरत नाही. म्हणून पहिला घाला तिच्या वयावर पडतो. १९५४च्या विशेष विवाह कायद्याने लग्न करावं म्हटलं तर तीस दिवसांची नोटीस कचेरीत लागते, आणि ती वाचायला तिचे भाऊ येतात. सज्ञान बाई आपल्या मर्जीने कुणाशीही लग्न करू शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली लता सिंग खटल्यात स्पष्ट सांगितलं. पण निकाल दिल्लीत लागतो. ठाणं तालुक्याला असतं. आणि खर्ड्याला २०१४ साली तर लग्नापर्यंतसुद्धा गोष्ट गेली नव्हती. वरच्या जातीच्या पोरीशी बोलतो या संशयावर शाळकरी पोराला मारून टाकलं.

हा कागद पडद्यावर आणायला नागराज मंजुळे यावा लागला. ‘सैराट’मध्ये (२०१६) आर्चीचा बाप पोरांवर खोटी तक्रार करतो आणि आर्ची स्वतः ठाण्यात जाऊन ती फाडते. थिएटरात तिथे शिट्ट्या पडल्या. मला मामाच्या गावी पोचवलेली ती पोरगी आठवली. तिच्या हातात कागद कुणी येऊच दिला नव्हता.

आता आमच्या गावाचं एक सांगतो. १९५६ साली, बाबासाहेबांनी नागपूरला दीक्षा दिली त्याच वर्षी, भुईगावात अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्या लेखात राजा सांगतो : लोक लग्नात, आजारपणात, पोर झाल्यावर नाना मंगलविधी करतात, पण त्यांचं फळ थोडं. खरं मंगल धम्माचं. आणि त्या मंगलात तो पहिलं काय मोजतो? दास आणि नोकर यांच्याशी नीट वागणं. आपले विनोदी सिनेमे मात्र उलटे चालतात. शेवटी अक्षता पडल्या की सगळं माफ. बाबासाहेबांनी १९३६ सालीच सांगितलं होतं की जात मोडायचा खरा उपाय आंतरजातीय विवाह. ते लग्न मंगल ठरतं की गुन्हा, हे आजही आडनावावर ठरतं.

तेव्हा कार्यकर्त्यांनो, ‘गंमत जंमत’ जरूर बघा. पोट धरून हसा. पण तुमच्या वस्तीतलं पोरगं-पोरगी उद्या निघून गेली, तर आधी तिचा जन्मदाखला हातात घ्या आणि तिचा जबाब मॅजिस्ट्रेटसमोर व्हावा म्हणून वकिलाला धरून बसा. उशीर केलात तर दुसऱ्याच वयाचा दाखला येतो.

आणि तुमच्यात कुणी लिहिणारा असेल तर त्याने आपला विनोदी सिनेमा लिहावा. त्यात पोरगी ठाण्यात उभी राहून म्हणेल, ‘साहेब, लिहा. ह्याला मीच पळवलाय.’ आमच्या भुईगावातल्या म्हाताऱ्या तिथे पदराआड हसणार नाहीत. उघड हसतील.