हुकमाचं फर्निचर

दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश फर्निचरचा इतिहास सहसा एका शिक्क्याभोवती फिरतो. दोन इंग्रजी 'सी' आणि ४१ हा आकडा, एवढंच ते चिन्ह. रेजिनाल्ड शिप यांनी काढलेले ते दोन 'सी' कडेची फोड काढलेल्या गोल चीजसारखे दिसत, म्हणून लोक त्याला चेष्टेनं 'चीजेस' म्हणत. आधी तो कपड्यांवर आला, मग कपाटांच्या आणि टेबलांच्या आतल्या अंगाला उमटू लागला. हा शिक्का म्हणजे सरकारी 'युटिलिटी' योजनेचा. डिझाइनवर लिहिणाऱ्यांनी या योजनेची आरती इतक्यांदा ओवाळली आहे की मूळ वस्तू धुरात दिसेनाशी झाली आहे. टंचाईनं लोकांना साधेपणा शिकवला, सरकारनं सुरुची घडवली, ओबडधोबड नक्षीच्या जागी निर्मळ रेषा आली, असा त्या आरतीचा सूर. मला ही मांडणी अर्धीच खरी वाटते. युद्धानं दोन प्रकारचं फर्निचर घडवलं: एक हुकमानं, दुसरं नकळत. गौरव पहिल्याचा झाला. कलेच्या दृष्टीनं पुढची वाट मात्र दुसऱ्यानं काढली.

आधी युद्धापूर्वीचा बाजार पाहू. १९३० च्या दशकातलं स्वस्त ब्रिटिश फर्निचर म्हणजे हप्त्यांवर घेतलेला तीन नगांचा सोफासेट, चकचकीत व्हिनियर चढवलेलं साइडबोर्ड आणि भोपळ्यासारखे फुगलेले कातीव पाय. सतराव्या शतकातल्या सरदारी दिवाणखान्याची ही नक्कल होती. वरचा थर देखणा आणि आतला सांधा कच्चा, असा बहुतेक मामला. लंडनच्या पूर्व भागात, शोरडिच आणि बेथ्नल ग्रीनच्या गल्ल्यांत हा धंदा लहान लहान कारखान्यांत विभागलेला होता. एकानं पाय कातायचे, दुसऱ्यानं सांगाडा जोडायचा, तिसऱ्यानं पॉलिश मारायचं. त्यात ज्यू कारागीर मोठ्या संख्येनं होते. दुसऱ्या टोकाला टॉटनमचा हॅरिस लेबससारखा अवाढव्य कारखाना. आणि लंडनपासून थोडं दूर बकिंगहॅमशरमध्ये हाय वायकोंब हे खुर्च्यांचं गाव. तिथल्या बीचच्या रानात बसून पायानं चालवायच्या लेथवर खुर्चीचे पाय कातणारे कारागीर विसाव्या शतकातही थोडेफार उरले होते.

हा सगळा डोलारा परदेशी लाकडावर उभा होता. ब्रिटनचं स्वतःचं जंगल तोकडं, बहुतेक लाकूड जहाजानं येणार. सप्टेंबर १९३९ मध्ये लाकडावर नियंत्रण आलं. एप्रिल १९४० मध्ये नॉर्वे आणि डेन्मार्कवर जर्मनीनं चढाई केली आणि बाल्टिककडचा रस्ता बंद झाला. त्याच वर्षी घरगुती फर्निचरच्या वाट्याचं लाकूड जवळजवळ आटलं. याचा सर्वांत बोलका बळी ठरली ती आयसोकॉन ही लंडनची छोटी कंपनी. जर्मनीतून आलेल्या मार्सेल ब्रॉयरनं १९३६ मध्ये तिच्यासाठी वाकवलेल्या प्लायवुडची लांब आरामखुर्ची रचली होती. ब्रिटिश आधुनिकतेचं ते मानाचं पान. पण प्लायवुड येत होतं एस्टोनियातून. ते थांबलं, खुर्ची थांबली. युद्धातला पहिला घाव नकलाकारांवर नव्हे तर आधुनिकांवर पडला, हे आरतीत सहसा येत नाही.

मग १९४० च्या सप्टेंबरपासून बॉम्ब पडू लागले. घरं गेली, घरांबरोबर खाट-टेबलं गेली, आणि पूर्व लंडनमधल्या फर्निचरच्या गल्ल्याही भाजल्या. तिकडे युद्धातली लग्नं थांबत नव्हती. माल नाही आणि गरज वाढलेली, त्यामुळे जुन्या सामानाचे भाव भडकले.

या काळातलं सर्वांत अस्सल फर्निचर कोणतं असं विचाराल तर मी मॉरिसन शेल्टरचं नाव घेईन. मार्च १९४१ पासून ते घरोघरी जाऊ लागलं. साडेसहा फूट लांब, चार फूट रुंद, अडीच फूट उंच असा पोलादी पिंजरा. वर जाड पत्रा, बाजूंना जाळी. रात्री आत झोपायचं, दिवसा त्यावर कापड पसरून जेवायचं. अभियंते जॉन बेकर यांची ही रचना. घर कोसळलं तर सांगाडा मोडू नये, थोडा वाकून धक्का पोटात घ्यावा, हा त्यामागचा विचार. वार्षिक उत्पन्न साडेतीनशे पौंडांखाली असेल तर ते फुकट मिळे. येताना ३५९ सुटे भाग आणि तीन हत्यारं घेऊन येई, जोडायचं आपलं आपण. वर्षअखेरपर्यंत सुमारे पाच लाख घरांत ते पोचलं. घरच्यांनी स्वतः जोडायचं टेबल ही कल्पना पुढे शांततेच्या काळात किती मोठा व्यापार झाली ते सांगायला नको. पण फर्निचरच्या इतिहासात या पिंजऱ्याला क्वचितच जागा मिळते. तो नागरी संरक्षणाच्या प्रकरणात अडकून पडला आहे.

युटिलिटी फर्निचरची खरी सुरुवात १९४२ मधली. ह्यू डाल्टन तेव्हा व्यापार मंडळाचे प्रमुख होते. त्यांनी जुलैमध्ये एक सल्लागार समिती नेमली. अध्यक्ष चार्ल्स टेनिसन, कवी टेनिसनचे नातू. सदस्यांत गॉर्डन रसेल होते, समीक्षक जॉन ग्लोग होते, गृहनिर्माणातल्या जाणकार एलिझाबेथ डेन्बी होत्या. पहिल्या रचना मात्र कुणा बड्या नावाच्या नव्हेत. त्या हाय वायकोंबच्या एडविन क्लिंच आणि एच. टी. कटलर या धंद्यात मुरलेल्या दोघांच्या. ऑक्टोबरात लंडनच्या बिल्डिंग सेंटरमध्ये नमुने मांडले गेले, नोव्हेंबरपासून युटिलिटीखेरीज दुसरं घरगुती फर्निचर बनवायला बंदी आली आणि १९४३ च्या जानेवारीत सरकारी कॅटलॉग छापून तयार झाला. देशभर एकच कॅटलॉग, आणि निवड त्यातूनच.

सामान मिळे ते मुख्यतः नवविवाहितांना आणि बॉम्बनं घर गेलेल्यांना. त्यांना परवाना आणि ठरावीक युनिटं मिळत. सुरुवातीला साठ, १९४३ मध्ये ती तीसवर आली. कपड्यांच्या कपाटाला आठ युनिटं, जेवणाच्या खुर्चीला एक. म्हणजे कपाट घेतलं की बावीस उरली. मग पलंग, टेबल, खुर्च्या, कुठे हात आखडायचा ते नवराबायकोंनी बसून ठरवायचं.

आता एखादं युटिलिटी कपाट जवळून पाहिलं तर काय दिसतं? चौकट ओकची किंवा महोगनीची, बारीक पण सरळ. दाराच्या तावदानात प्लायवुड नाही, कारण ते विमानांकडे गेलेलं. त्याजागी व्हिनियर लावलेला हार्डबोर्ड. हार्डबोर्ड मोठ्या मापात नुसता सोडला तर बाक धरतो, म्हणून दाराचे भाग पाडून मध्ये आडव्या पट्ट्या घातलेल्या. पुढे समीक्षकांनी या पट्ट्यांच्या 'प्रमाणबद्धते'ची स्तुती केली. ती प्रमाणबद्धता हार्डबोर्डाच्या दुबळेपणातून निघाली होती. मुठी लाकडाच्याच, कारण धातू मिळत नव्हता. सांधे कुसू आणि खाचेचे किंवा डॉवेलचे. जिथे स्वस्त फर्निचरमध्ये खिळा ठोकत तिथे स्क्रू. मापं, सांधे, लाकडाची जाडी सगळं नकाशात बांधलेलं. कारखानदाराला त्यात सूतभर फरक करता येत नसे, आणि किंमतही सरकारनं ठरवलेली.

माझ्या मते या योजनेची खरी कामगिरी या नकाशात आहे. कामगाराच्या घरात इतका प्रामाणिक सांधा यापूर्वी आला नव्हता. हप्त्यांच्या बाजारानं गरिबाला वरचा चकचकाट विकला होता. सरकारी कॅटलॉगनं त्याला आतलं काम दिलं. ही सौंदर्यशास्त्राची नव्हे, न्यायाची गोष्ट आहे, आणि तिचं मोल त्याच मापानं करायला हवं.

सुरुचीच्या दाव्याबद्दल मात्र मी साशंक आहे. १९४३ मध्ये युटिलिटीचा डिझाइन विभाग गॉर्डन रसेल यांच्याकडे आला. ते कॉट्सवोल्डमधल्या ब्रॉडवे गावचे. वडिलांचं हॉटेल, तिथल्या जुन्या फर्निचरची दुरुस्ती करता करता घडलेली नजर, पहिल्या महायुद्धातलं शौर्यपदक, पुढे मर्फी कंपनीच्या रेडिओंच्या पेट्या. हस्तकला आणि यंत्र यांचा मेळ घालू पाहणारा हा सचोटीचा माणूस. पण त्याच्या मनातली चांगली खुर्ची म्हणजे इंग्लंडच्या खेड्यातल्या सुताराची खुर्ची होती. मालिकांची नावं पाहिली तरी कळतं: कॉट्सवोल्ड, चिल्टर्न. डोंगररांगांची नावं घेतलेलं हे फर्निचर समोर नव्हे, मागे पाहत होतं. आणि लोकांनी ते घेतलं म्हणजे त्यांना आवडलं, असं कसं म्हणायचं? दुसरं काही दुकानातच नव्हतं. रसेल आणि त्यांच्या मित्रांनी आज्ञाधारकपणाला अभिरुची समजण्याची गल्लत केली. १९४८ मध्ये रचनेचं स्वातंत्र्य परत मिळाल्यावर बाजारात पुन्हा चमकदार व्हिनियर आणि वळणदार पाय दिसू लागले, तेव्हा सुधारकांना धक्का बसला. बसायला नको होता.

मागे पाहणाऱ्या या मंडळींत अपवाद आहे एनिड मार्क्स. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या आसनांचं कापड १९३७ मध्ये त्यांनी रचलं होतं. युद्धात त्यांच्याकडे युटिलिटीच्या गादीखुर्च्यांचं कापड आलं. सूत मोजकं, रंग चार. मार्क्सनी नक्षी लहान ठेवली: ठिपके, पट्टे, नागमोडी रेघा, सगळं थोड्या अंतरानं पुन्हा येणारं. नक्षी मोठी असेल तर खुर्चीवर ती जुळवताना कापडाचे तुकडे वाया जातात. लहान नक्षीत ही नासाडी जवळजवळ होतच नाही. बंधन झटकून नव्हे, त्याच्या पोटात शिरून काम करणं म्हणजे काय, हे इथे दिसतं. आजही ही कापडं जुनाट वाटत नाहीत, कॉट्सवोल्डची साइडबोर्डं वाटतात.

आता दुसऱ्या, नकळत घडलेल्या फर्निचरकडे. युद्धात फर्निचरचे कारखाने बंद पडले नाहीत, विमानांकडे वळले. डी हॅविलँड कंपनीचं मॉस्किटो विमान २५ नोव्हेंबर १९४० रोजी पहिल्यांदा उडालं. त्याचं अंग बर्चच्या पातळ प्लायवुडच्या दोन थरांमध्ये बाल्सा दाबून बनवलेलं. ॲल्युमिनियमची टंचाई आणि रिकामे बसलेले सुतार, या दोन्हींवर हा एकच तोडगा होता. हाय वायकोंबच्या खुर्चीवाल्यांनी त्याचे भाग बनवले. लेबसच्या कारखान्यात हॉर्सा ग्लायडर तयार झाले. त्यांतूनच सैनिक १९४३ मध्ये सिसिलीत आणि ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीत उतरले. स्त्रिया कारखान्यांत आल्या, सरसाची भांडी हळूहळू गेली आणि फॉर्माल्डिहाइडची कृत्रिम चिकटद्रव्यं आली. सुताराच्या सवयीच्या अंदाजाची जागा साच्यानं आणि मोजमापानं घेतली.

यात आपल्या बाजूचाही एक धागा आहे. १९४४ मध्ये भारत आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर काही मॉस्किटो विमानं हवेतच मोडली आणि वर्षाच्या शेवटी ती काही काळ जमिनीवर ठेवावी लागली. दोष दमट उष्ण हवेचा की जोडणीत राहिलेल्या फटींचा, यावर बराच खल झाला. कोकणातल्या कुठल्याही सुतारानं सांगितलं असतं की पावसाळा चांगल्या सांध्याला सहसा हात लावत नाही, फट असेल तिथेच तो शिरतो.

अमेरिकेतही हाच प्रवाह होता, थोडक्यात सांगतो. पोलादी स्प्रिंगांवर बंदी आली आणि सोफे लाकडी पट्ट्यांवर आले. चार्ल्स आणि रे ईम्स यांनी नौदलासाठी जखमी पायाला बांधायची प्लायवुडची फळी साच्यात वाकवून दिली. त्याच साच्यांतून त्यांना युद्धानंतरच्या खुर्च्या सुचल्या. एमेको कंपनीनं १९४४ मध्ये नौदलासाठी ॲल्युमिनियमची खुर्ची काढली आणि तिचं उत्पादन अजून थांबलेलं नाही.

ब्रिटनमध्ये हे वळण अर्नेस्ट रेसनं दाखवलं. १९४५ मध्ये लाकूड अजून परवान्यावर होतं, पण मोडीत निघालेल्या विमानांचं ॲल्युमिनियम भरपूर होतं. रेसनं ते वितळवून जेवणाच्या खुर्चीचे पाय ओतले. ही बीए-३ खुर्ची. पाय मुळाशी रुंद आणि टोकाकडे निमुळते, आडव्या छेदात इंग्रजी 'टी'सारखे, त्यामुळे थोड्या धातूत पुरेसं बळ. १९४६ मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातल्या 'ब्रिटन कॅन मेक इट' प्रदर्शनात ती झळकली, पुढे तिला मिलानमध्ये सुवर्णपदक मिळालं, अडीच लाखांवर खुर्च्या निघाल्या. ही खुर्ची कोणत्याही खेड्याची आठवण काढत नाही.

लुचियन एर्कोलानींची गोष्ट मधली आहे. १९४४ मध्ये व्यापार मंडळानं त्यांच्या एर्कोल कंपनीला स्वयंपाकघरातल्या एक लाख विंडसर खुर्च्या सांगितल्या, दर नगाला साडेदहा शिलिंग. घाट जुनाच, पण एवढ्या किमतीत एवढ्या खुर्च्या काढायच्या तर वाकवणं, भोकं पाडणं, बैठक कोरणं सगळं यंत्रावर बसवावं लागलं. एर्कोलानींनी ते बसवलं, आणि युद्धानंतर त्याच यंत्रांवर त्यांचं नाव झालं. इथे सरकारी ऑर्डरनं कलेचं भलं केलं. मात्र ते नक्षीवर नियंत्रण ठेवून नव्हे, किमतीची अट घालून.

युटिलिटी योजना १९५२ मध्ये आवरली गेली. त्याच्या पुढच्याच वर्षी हाय वायकोंबच्या ई. गोम या कंपनीनं जी-प्लॅन बाजारात आणलं. याच कंपनीनं युद्धात मॉस्किटोचे भाग बनवले होते. जी-प्लॅनचं वेगळेपण असं की संपूर्ण सेट एकदम घ्यायची सक्ती नव्हती. आज खुर्ची, पगार वाढला की टेबल, पुढच्या वर्षी साइडबोर्ड, आणि सगळे नग एकमेकांना शोभणारे. याचं श्रेय जाहिरातीला आणि डोनाल्ड गोम यांच्या धंद्याच्या नजरेला दिलं जातं, ते योग्यच आहे. पण मला त्यात युनिटांच्या परवान्याचा हात दिसतो. ज्या जोडप्यांनी तीस युनिटांत संसार बसवला होता, त्यांना नग-नग हिशेबानं घर भरायची सवय सरकारनंच लावली होती. डाल्टन यांच्या समितीला लोकांची नजर बदलता आली नाही. खरेदीची रीत मात्र बदलली, आणि त्याचा फायदा शेवटी दुकानदारानं उचलला.