पडद्यावरची संजीवनी आणि स्पर्शाचा प्रश्न

दलित साहित्याची समीक्षा करताना आपण शब्दामागची मूल्यव्यवस्था तपासत आलो. शब्द कोणाचा, तो कोणासाठी घडवला आणि तो उच्चारला जात असताना गावकुसाबाहेर कोण उभे होते, हे प्रश्न आपण कथेला विचारले, कवितेला विचारले. तेच प्रश्न आज शासनाच्या एका नव्या वाङ्मयाला विचारणे भाग आहे. हे वाङ्मय मोबाईलच्या पडद्यावर आहे. ‘ई-संजीवनी’, ‘आरोग्य सेतू’, ‘आयुष्मान भारत डिजिटल मिशन’ ही त्याची शीर्षके. गरीब मुलखात डॉक्टर पोचत नाही, म्हणून यंत्राच्या वाटेने आरोग्य पोचवावे, हा त्याचा आशय. आशय चांगला आहे. परंतु चांगल्या आशयाच्या आड कोणती व्यवस्था सुखाने झोपली आहे, हे पाहणे समीक्षेचे काम आहे.

दलितांच्या आजारपणाचा इतिहास हा बऱ्याच अंशी स्पर्शाचा इतिहास आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत नोंदवली आहे. १२ डिसेंबर १९२९ च्या ‘यंग इंडिया’त ती पत्ररूपाने आली होती. शिक्षकाची बाळंतीण पत्नी आजारी पडली. वस्तीत पाऊल टाकणार नाही, रोग्याला बाहेर आणा, या अटीवर डॉक्टर आला. त्याने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिले, मुसलमानाने नवऱ्याच्या हाती, नवऱ्याने बायकोच्या. त्याच क्रमाने ते परत गेले. दिव्याच्या उजेडात दुरून पाहून डॉक्टरने न्यूमोनियाचे निदान केले, औषध दिले. पुन्हा पाहायला मात्र तो आला नाही. बाई गेली.

या हकीकतीत विज्ञान आहे, यंत्र आहे, निदान आहे, औषध आहे, फीसुद्धा आहे. एवढे सगळे असून माणूस मरतो, कारण वैद्यक आणि रोगी यांच्यामध्ये एक अंतर ठेवलेले आहे आणि ते अंतर समाजमान्य आहे. याच्या उलट बाजूलाही एक परंपरा आहे. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला स्वतः उचलून दवाखान्यात आणले. त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. एक वैद्यक अंतर राखते, दुसरे अंतर मोडते. पडद्यावरचे वैद्यक या दोहोंपैकी कोणत्या परंपरेत बसते?

चाकूर तालुक्याचे उदाहरण घेऊ. लातूर-नांदेड रस्त्यावरचे हे तालुक्याचे गाव. इथल्या खेड्यातल्या मजुराला तज्ज्ञ डॉक्टर म्हणजे लातूर. एस.टी.चे भाडे, बुडालेली रोजी, सोबत एक माणूस आणि केसपेपरच्या रांगेत गेलेला दिवस. नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या ई-संजीवनीने यावर तोड काढली. उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी रक्तदाब पाहतो, साखर पाहतो, माहिती भरतो आणि दूरच्या डॉक्टरशी पडद्यावर गाठ घालून देतो. १३ एप्रिल २०२० पासून, टाळेबंदीच्या काळात, घरूनही थेट डॉक्टरशी बोलण्याची सोय झाली.

याला सरसकट नकार देणे आपल्याला परवडणारे नाही. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या रोग्याला महिन्याच्या गोळ्यांसाठी पस्तीस-चाळीस किलोमीटर जायला लावणे यात क्रांती नाही. शिवाय बाह्यरुग्ण विभागात ‘कुठल्या वाड्यावरून आलीस?’ हा प्रश्न आणि त्यामागोमाग बदलणारी नजर आपल्या बायांनी पिढ्यानपिढ्या सोसली आहे. पडद्यावरच्या डॉक्टरला वाडा ठाऊक नसतो, हा तिच्या दृष्टीने लहान दिलासा नव्हे.

पण पोटात कळ येते तेव्हा पोटावर हात ठेवावा लागतो. छातीला नळी लावावी लागते. गरोदर बाईचे मूल कसे फिरले आहे, ते हातांना कळते. ज्याच्याजवळ पैसा आहे त्याला हा हात आजही मिळतो. त्याच्यासाठी पडदा ही जादा सोय असते. गरिबाच्या बाबतीत तो डॉक्टरची जागा घेऊ लागतो. आणि हे कोणत्या जिल्ह्यात? महाराष्ट्राला ज्याने ‘लातूर पॅटर्न’ शिकवला, जिथल्या शिकवणीतून मराठवाड्याची मुले दरवर्षी मोठ्या संख्येने वैद्यकीय महाविद्यालयांत जातात, त्या जिल्ह्यात! डॉक्टर घडवण्याचा कारखाना शेजारी आणि खेड्याच्या वाट्याला डॉक्टरची प्रतिमा. वैद्यकीय शिक्षण हे गुंतवणूक झाले की गुंतवणूक परताव्याच्या दिशेने जाते, खेड्याच्या दिशेने जात नाही. हा प्रश्न तंत्राचा नाही. तो तंत्राने सुटल्याचा भास मात्र होतो, आणि भास झाला की रिकाम्या पदांविषयी कोणी विचारत नाही.

आता नावांकडे पाहू. चाकूर तालुक्यातच वडवळ नागनाथजवळ औषधी वनस्पतींसाठी प्रसिद्ध असलेली टेकडी आहे. तिला लोक संजीवनी बेट म्हणतात. मारुती पर्वत घेऊन जाताना त्याचा तुकडा इथे पडला, अशी कथा सांगतात. संजीवनी ही अशी आकाशातून जाणाऱ्याच्या हातून चुकून पडते. खालच्याने ती वेचायची. पुराणातच दुसरी संजीवनी आहे. ती शुक्राचार्यांची विद्या, असुरांच्या बाजूची. ती मिळवण्यासाठी देवांना कचाला शिष्य करून पाठवावे लागले. आपल्या शासनाला आठवते ती पहिली कथा. पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने आरोग्यवर्धिनी केंद्रांना ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ हे नाव दिले. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिरापुढे ज्यांनी सत्याग्रह केला आणि अखेर ज्यांनी मंदिराचा मार्गच सोडला, त्यांच्या वारसांनी आता ताप-खोकल्यासाठी मंदिराची पायरी चढायची. मंदिरात याचक जातो. दवाखान्यात नागरिक आपला हक्क घेऊन जातो. नाव बदलले की नाते बदलते.

यंत्राला जात नसते, असे आपले सुशिक्षित मित्र म्हणतात. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर करोनाच्या साथीत आशाताईंनी दारोदार नेले. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, रक्तातला प्राणवायू धोक्याइतका उतरलेला असताना तो पुरेसा दाखवण्याची चूक हे यंत्र गोऱ्या रोग्यांच्या मानाने काळ्या रोग्यांत जवळजवळ तिप्पट वेळा करत होते. यंत्राचा प्रकाश त्वचेतून जातो आणि त्वचेचा रंग त्याच्या हिशेबात धरलेला नव्हता. त्याच देशात २०१९ साली दुसरी गोष्ट उघड झाली. कोणत्या रोग्याला जादा देखभाल द्यावी हे ठरवणारी एक संगणक-प्रणाली ‘ज्याच्यावर खर्च जास्त तो जास्त आजारी’ असे मानत होती. काळ्या माणसांवर कमी खर्च होतो; म्हणून ती माणसे यंत्राला निरोगी दिसली. आपल्याकडे उद्या नोंदींवरूनच यंत्र निर्णय करू लागेल, तेव्हा परवडत नाही म्हणून दवाखान्याची पायरी न चढलेली मजूर बाई त्याला ठणठणीत दिसेल. व्यवस्थेने केलेला अन्याय यंत्र अजाणता पाठ करते आणि पुन्हा तो गणिताच्या भाषेत ऐकवते.

भाषेचा प्रश्नही असाच आहे. १ मे २०२१ पासून अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या लोकांना लस घ्यायची तर कोविन संकेतस्थळावर आगाऊ नोंद सक्तीची झाली. संकेतस्थळ तेव्हा इंग्रजीत होते. शहरांतले तरुण ग्रामीण केंद्रांवरच्या वेळा राखून मोटारीने तिथे पोचत होते आणि त्या गावचा मजूर बाहेर उभा होता. सर्वोच्च न्यायालयाने ३१ मे २०२१ च्या आदेशात या डिजिटल दरीवर बोट ठेवले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाईल परत केले. ते वारंवार बंद पडत, दुरुस्तीचा खर्च सेविकांवर येई आणि ‘पोषण ट्रॅकर’ इंग्रजीत भरायचा होता. दलित समाजाने या कृतीकडे फार लक्ष दिले नाही. माझ्या मते ती त्या काळातली महत्त्वाची समीक्षा होती. ज्यांच्या बोटांवर हे सारे डिजिटल आरोग्य उभे आहे, त्या मानधनावरच्या बायांनी यंत्राचा संच उचलून साहेबाच्या टेबलावर ठेवला आणि म्हटले, हे आमच्या भाषेत आणा.

शेवटी नोंदीचा प्रश्न. बीड जिल्ह्यात २०१९ साली ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली; त्यांपैकी १३ हजारांवर स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. डिजिटल नोंदीत यातल्या प्रत्येकीपुढे ‘शस्त्रक्रिया झाली’ एवढे येईल. मुकादमाची उचल, एका खाड्याचा दंड, पाळीच्या दिवसांतही न थांबणारा कोयता, यांना रकाना नाही. बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’मध्ये बाळंतिणीची उपासमार लिहिली, ती कोणत्याही केसपेपरवर नव्हती. आत्मकथन हीच आपली खरी आरोग्य-नोंद होती, कारण तिच्यात रोगाबरोबर रोगाचे कारण येते. नोंदीत जात विचारावी की नाही, हा पेच इथेच येतो. विचारली तर तुच्छतेची भीती, न विचारली तर विषमता अदृश्य. २०१८ च्या संयुक्त राष्ट्रांच्या एका अहवालाने दाखवले की भारतात दलित स्त्रीचे मृत्यूसमयीचे सरासरी वय उच्चवर्णीय स्त्रीपेक्षा सुमारे १४.६ वर्षांनी कमी आहे. पाहणीत जात विचारली होती म्हणूनच हे कळले. तेव्हा विचारावी, पण ती समूहाच्या हिशेबासाठी. उपचार करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ती येऊ नये.

म्हणून या तंत्राच्या स्वागताला अटी हव्यात. पडदा येईल तो भरलेल्या पदांच्या जोडीला येईल, त्यांच्या बदल्यात नाही. तो मराठीत बोलेल, आणि ज्याच्याकडे मोबाईल नाही त्याचा उपचार अडणार नाही. यंत्रे आपल्या कातडीवर तपासून घेतलेली असतील. आशा आणि अंगणवाडी सेविका यांच्या नोंदणीच्या कामाला वेतन असेल. रोग्याची नोंद रोग्याच्या मालकीची असेल आणि नकार देण्याचा त्याचा अधिकार शाबूत राहील. या मागण्या ग्रामसभेत मांडता येतात. त्यासाठी संगणकतज्ज्ञ व्हावे लागत नाही. पडद्यावर डॉक्टर दिसू लागला की कार्यकर्त्याने आरोग्य केंद्रात जाऊन मंजूर पदे किती, भरलेली किती, हे लेखी मागावे आणि ते उत्तर चावडीवर मोठ्याने वाचून दाखवावे.