‘तारेवर’ म्हणजे नेमके कुठे?

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवले, नेटवर्कच्या वाटेला कधी गेलो नाही. तरी आज वायरशार्कबद्दल बोलणार आहोत. त्याला कारण आमचा एक जुना विद्यार्थी. त्याच्या सर्व्हरवरच्या कॅप्चरमध्ये ६५,२२६ बाइटांची पॅकेट्स दिसू लागली. इथरनेटच्या एका फ्रेममध्ये साधारणपणे १,५०० बाइटच मावतात. मग त्याने स्विचवाल्यांना दोष दिला, त्यांनी त्याला. दोन दिवस भांडण! आणि चूक दोघांचीही नव्हती.

घडते ते असे. मोठा डेटा पाठवताना कर्नल त्याचे बारीक तुकडे करत बसत नाही. तो एकच मोठा गठ्ठा नेटवर्क कार्डाकडे सोपवतो आणि तुकडे कार्ड पाडते. प्रोसेसरचे काम वाचते. याला सेगमेंटेशन ऑफलोड म्हणतात. कॅप्चरचे साधन उभे असते कार्डाच्या अलीकडे. त्याला गठ्ठा दिसतो, तुकडे दिसत नाहीत. आता हिशेब करू. गठ्ठ्यात डेटा ६५,१६० बाइट. १,४४८ च्या मापाने ४५ तुकडे, प्रत्येकाला ६६ बाइटांचे हेडर. म्हणजे फ्रेमच्या शेपटीचे बाइट सोडले तरी बाहेर पडले ६८,१३०. आणि वायरशार्क काय लिहितो? ‘६५,२२६ बाइट्स ऑन वायर’. अहो, ही फ्रेम तारेवर कधी गेलीच नाही!

आमचा आक्षेप नेमका इथे आहे. न्यायदर्शन प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोन वेगळी प्रमाणे मानते. गठ्ठा दिसला, हे प्रत्यक्ष. तो तसाच तारेवर गेला, हे अनुमान. आणि इथे तेच खोटे ठरते. साधनाचे डोळे चांगले आहेत, बोलण्यात घोटाळा आहे.

यावर कोणी म्हणेल, मग साधनानेच ४५ तुकडे करून दाखवावेत. दिसायला ते नीटनेटके होईल, पण आम्हाला पटत नाही. साधनाकडे वेळेची नोंद एकच आहे. दोन तुकड्यांमध्ये किती अंतर पडले हे ते कुठून आणणार? मनानेच भरणार ना? मग उशीर कुठे झाला हे शोधणारा माणूस त्या काल्पनिक वेळांवर विसंबेल. दुसरा सल्ला असतो, ऑफलोड बंद करून बघा. कधी कधी उपयोगीही पडतो. पण मग प्रोसेसरवरचा भार बदलतो, पाठवण्याची लय बदलते, आणि तपासायची होती ती परिस्थितीच उरत नाही. तारेवरचे खरेच पाहायचे असेल तर स्विचच्या मिरर पोर्टवर जाऊन पाहावे.

याच साधनात एक चांगले उदाहरणही आहे. चेकसमही पुष्कळदा कार्डच भरते, त्यामुळे बाहेर जाणाऱ्या पॅकेटात तो चुकीचा दिसतो. वायरशार्कला तो तपासायला सांगितले, तर चूक दाखवतानाच तो पुढे विचारतो की हे ऑफलोडमुळे तर नसेल? टीसीपीडम्प नुसतेच ‘चूक’ म्हणून मोकळा होतो. त्या एका प्रश्नचिन्हाला आम्ही मोठी किंमत देतो.

तेवढाच प्रामाणिकपणा लांबीच्या बाबतीत हवा. ‘तारेवर’ऐवजी ‘कॅप्चरच्या जागी’ लिहावे. गठ्ठा जसा दिसला तसाच ठेवावा, पण शेजारी सांगावे की बहुधा याचे ४५ तुकडे झाले असावेत. जोडणीच्या सुरुवातीलाच तुकड्याचे माप ठरते. ती देवाणघेवाण पकडली असेल तर हा अंदाज बांधणे अवघड नाही. येणाऱ्या पॅकेटांची मोळी बांधली जाते, तिथेही हाच नियम लावावा. पीकॅपएनजी फाइलीत इंटरफेसचे नाव नोंदवता येतेच. त्याच्या शेजारी ऑफलोड चालू होता की बंद, हेही लिहावे.

साक्षीदाराला आम्ही दोन गोष्टी विचारतो: काय पाहिलेस, आणि कुठे उभा होतास? दुसऱ्याचे उत्तर चुकले, तर पहिले कितीही खरे असले तरी भलत्याच माणसावर ठपका येतो. आमच्या विद्यार्थ्याने पुढे स्विचवाल्यांची माफी मागितली. साधनाने जागा नीट सांगितली असती, तर तशी वेळच आली नसती.