‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका : एक पुनर्विचार

जोतीराव फुले यांचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ १८७३ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करण्याच्या कार्यात तेथील सज्जनांनी दाखविलेल्या स्वार्थत्यागाचा गौरव म्हणून तो त्यांना अर्पण केलेला आहे. या अर्पणपत्रिकेत फुल्यांच्या विश्वव्यापी दृष्टीचा प्रत्यय येतो, असे अभ्यासक म्हणतात. ते यथार्थच होय. परंतु ती नेमकी कोणाला उद्देशून आहे, हा प्रश्न सहसा उपस्थित केला जात नाही.

गौरव आहे तो मुक्तिदात्यांचा. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय सैनिक लढले. त्यांचा निर्देश येथे नाही. तसेच १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामी कायद्याने संपली, तरी वर्णद्वेष संपला नव्हता. १८७३ च्या एप्रिलमध्येच लुइझियानातील कोलफॅक्स येथे कृष्णवर्णीयांचे हत्याकांड झाले.

एवढ्यावरून जोतीरावांना दोष देणे मात्र अन्यायाचे ठरेल. कारण अर्पणपत्रिकेतील उणीव ग्रंथाचा संवादरूप घाटच भरून काढतो. धोंडीबा शंका विचारतो, जोतीबा उत्तर देतात आणि या प्रश्नोत्तरांतून दास्याचे स्वरूप दास्यात असणाऱ्यालाच उमगत जाते. अर्पणपत्रिकेत स्वातंत्र्य दिले जाते. संवादात ते प्रथम समजून घेतले जाते. पहिले आवाहन समर्थांच्या सदसद्विवेकाला आहे, दुसरे पीडितांच्या बुद्धीला. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला स्थापन झालेला सत्यशोधक समाज हे या दुसऱ्या आवाहनाचेच संघटित रूप होय.

पुढील इतिहासात हा दुसरा सूरच प्रबळ झाला. १९४६ साली डॉ. आंबेडकरांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागविल्या. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने नाव घेतले ते कृष्णवर्णीयांच्या लढाऊ संघटनेचे. मुक्तिदात्याची जागा समदुःखी सहप्रवाशाने घेतली.

तथापि साम्य म्हणजे अभेद नव्हे. गुलाम ही धन्याची मालमत्ता असल्याने त्याला जगविण्यात धन्याचा स्वार्थ तरी असे. अस्पृश्याच्या बाबतीत तेवढेही बंधन कोणावर नव्हते, हा भेद आंबेडकरांनीच दाखवून दिला. तुलनेचे मोल हा भेद जपण्यात आहे. तो पुसला गेला, तर अर्पणपत्रिका केवळ एक अलंकार होऊन राहील.