अरण्य, अभिलाषा आणि मंत्रग्रंथ

एडवर्ड बर्न-जोन्स यांच्या ‘द बिगाइलिंग ऑफ मर्लिन’ (१८७२–७७) या चित्रातील अरण्य केवळ पार्श्वभूमी नव्हे. ते अभिलाषेचेच रूप आहे. निमुएवर आसक्त झालेला जादूगार मर्लिन हॉथॉर्नच्या झुडपात जखडला आहे. गॉथिक अरण्याचा अंधार येथे पांढऱ्या बहरात दडलेला दिसतो. केसांत गुंफलेल्या सर्पांवरून निमुएला घातकी मोहिनी ठरवणारे रूढ वाचन तिच्या हातातील मंत्रग्रंथाचा पुरेसा विचार करीत नाही. आख्यायिकेनुसार ही विद्या तिला मर्लिननेच शिकवली होती. ज्या ज्ञानाच्या बळावर त्याने तिला मिळवू पाहिले, तेच त्याचे बंधन झाले. मागे वळलेल्या तिच्या नजरेत विजयोन्मादापेक्षा सावधपणा अधिक आहे. म्हणून चित्राचा विषय स्त्रीचे कपट हा नसून अभिलाषेतून घडणारे सत्तेचे हस्तांतर हा आहे.