‘अ‍ॅटमायझर’: गोंगाटाची साक्ष

कानाला गोड लागते तेच संगीत, असे आपण सहसा गृहीत धरतो. अमेरिकेतील शिकागो येथील ‘बिग ब्लॅक’ या वाद्यवृंदाची १९८६ साली निघालेली ‘अ‍ॅटमायझर’ ही पहिली पूर्ण लांबीची ध्वनिमुद्रिका या समजुतीस जबर धक्का देते. गोंगाटालाच संगीताचे साधन मानणाऱ्या ‘नॉइज रॉक’ या प्रकारात ती मोडते. येथे तालवादक नाही. त्याचे काम यंत्र करते आणि श्रेयनामावलीत ‘रोलंड’ या नावाने त्याची नोंदही आहे. थकवा न जाणणाऱ्या त्या ठेक्यावर स्टीव्ह अल्बिनी व सांतियागो दुरांगो यांच्या गिटारी पत्रा कापावा तशा किंचाळतात, तर डेव्ह रायली यांची बास गिटार खालून गुरगुरते.

हा कर्कशपणा निष्कारण नाही. ‘केरोसीन’ या गीतातील लहान गावच्या तरुणास करण्याजोगे काहीच नाही. कंटाळून तो आगीकडे वळतो. आरंभीची किणकिण आणि मागाहून उसळणारा भडका यांतून त्याच्या मनाचा रितेपणा शब्दांवाचून उमगतो. गायक त्याचा निवाडा करीत नाही, त्याच्या जागी उभा राहतो. म्हणूनच हे गीत आम्हांस सर्वश्रेष्ठ वाटते.

‘जॉर्डन, मिनेसोटा’ या पहिल्याच गीताविषयी मात्र आमचा गंभीर आक्षेप आहे. त्या गावी १९८३-८४ मध्ये बालकांच्या लैंगिक अत्याचाराच्या आरोपाखाली २४ प्रौढांवर खटले भरले गेले. एकाने गुन्हा कबूल केला, दोघे निर्दोष सुटले आणि उरलेल्या २१ जणांवरील आरोप ऑक्टोबर १९८४ मध्ये मागे घेण्यात आले. असे असता, दोन वर्षांनी निघालेले हे गीत अवघ्या गावालाच दोषी धरते. अल्बिनी यांनी वृत्तविद्येचे शिक्षण घेतले होते. त्यांच्याकडून अधिक सावधपणाची अपेक्षा होती. ‘केरोसीन’मध्ये मुक्याला वाचा देणारा तोच गोंगाट येथे आरोपितांचा आवाज बुडवून टाकतो. पीडित बालकाविषयीचा संताप रास्तच. पण संतापाने पुराव्याची उणीव भरून निघत नाही.

पुढे २०२१ साली अल्बिनी यांनी तरुणपणीच्या आपल्या बेपर्वा वर्तनाची जबाबदारी जाहीरपणे स्वीकारली. २०२४ साली ते निवर्तले.

घरातील तरुणांच्या खोलीतून असा आवाज आला, तर पालकांनी दार आपटू नये. थोडा वेळ सोबत बसून ही दोन्ही गीते ऐकावीत आणि कोणते गीत माणसाला न्याय देते, हे मुलांनाच विचारावे.